मनुआक्कांसाठी निवडलेला भोंगा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, वडगावच्या विणकरांचे वडीलधारे माननीय मल्लाप्पा आप्पा. आमच्या कारखान्याचे मालक शिवराज अण्णा. वेळात वेळ काढून आलेले अग्निशामक दलाचे साहेब. आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या सत्कारमूर्ती मनुबाई, म्हणजे आपल्या सर्वांच्या मनुआक्का. आक्कांच्या घरची मंडळी, मागावरचे आणि कांडीवरचे माझे सर्व सहकारी, आणि जागा न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

विषयाला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी सांगतो. या सभागृहाला दोन दारे आहेत. डावीकडच्या दारासमोर जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, त्या मी मघाशी बाजूला केल्या. कृपा करून पुन्हा तिथे ठेवू नयेत. हसू नका, साहेब व्यासपीठावरच बसले आहेत, त्यांना विचारा.

दुसरी गोष्ट म्हणजे, मी तुमच्याकडे अर्धी पाठ करून, व्यासपीठाकडे तोंड करून बोलतो आहे आणि माईक हनुवटीच्या खाली धरला आहे. यात सभेचा अवमान करण्याचा हेतू नाही. मनुआक्कांना ऐकू येत नाही. त्या माझे ओठ बघून भाषण समजून घेत आहेत. निरोप त्यांचा आहे, तेव्हा भाषण आधी त्यांना कळावे आणि मग आपल्याला, एवढीच इच्छा.

मी युवराज. कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दहावीच्या पुढे शाळा झाली नाही, म्हणून हे भाषण लिहून आणले आहे आणि तीनदा तपासले आहे. तरीही चुकेन.

पाहुण्यांसाठी थोडे सांगणे भाग आहे. यंत्रमागाच्या कारखान्यात आपण कधी उभे राहिला आहात का? सगळे माग चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडले तरी शब्द कळत नाही. म्हणून आमच्याकडे ओरडतच नाहीत. ओठ मोठे हलवायचे, आवाज काढायचाच नाही, आणि जोडीला थोडा हात. या पद्धतीने आमच्या बायका या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वयंपाक काय केला, कुणाची सून रुसली, हे सगळे बोलतात. नवा माणूस आला की त्याला वाटते, या सगळ्या उगीच तोंड हलवत आहेत. महिन्याभरात तोही तसाच बोलायला लागतो. मी घरी जेवतानासुद्धा तसा बोलतो, आई ओरडते.

मनुआक्का कोपऱ्यात कांडीच्या मशीनवर बसत. कांडी म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायची सुताची लहान गुंडाळी. त्या भरून देत, मग इकडे साडी विणली जाई. इतकी वर्षे त्या आवाजात बसून त्यांचे कान हळूहळू गेले. कधी गेले, ते कुणालाच कळले नाही, कारण कारखान्यात त्याने काही अडत नव्हते.

अडले ते आगीच्या कवायतीत.

तपासणीला आलेल्या याच साहेबांनी सांगितले की सुताचा कारखाना आहे, आग लागली तर सगळ्यांना बाहेर काढण्याची सोय हवी, एक भोंगा घ्या आणि कवायत करून दाखवा. मेन स्विच बंद करता येईलच असे नाही, म्हणून माग चालू धरूनच करा. शिवराज अण्णांनी ते काम माझ्याकडे दिले. मला आधीच काळजी करायची सवय. मी त्या रात्री जेवलो नाही. माझ्या हाकेवर एवढी माणसे बाहेर येणार? आणि एखादे आले नाही तर?

मी आणि आमचे मिस्त्री रवळू अण्णा बेळगावच्या बाजारात गेलो. दुकानदाराने पाच भोंगे मांडले. म्हणाला, "ह्यो घ्या. सांबऱ्यात बोलला तर पिरनवाडीत ऐकू येतंय."

रवळू अण्णा म्हणाले, "आम्हाला पिरनवाडी बाहेर काढायची न्हाय."

"ह्यात सायरन हाय. पेन ड्राइव्ह लावला तर गाणी बी वाजतात."

"आग लागल्यावर गाणी लावू व्हय रं? मग लोक बाहेर जातील का नाचतील?"

मी वजन पाहिले, बॅटरी पाहिली, वॉरंटी पाहिली. आणि शेवटी सगळ्यांत मोठ्या आवाजाचा भोंगा घेतला. आवाजाच्या जागी मोठा आवाज पाहिजे, यात चूक काय? कुणालाही असेच वाटले असते. रवळू अण्णांनाही वाटले, मालकांनाही वाटले.

कवायतीच्या दिवशी मी दारात उभा राहिलो, भोंगा तोंडाला लावला आणि ओरडलो. मागांच्या आवाजात आणखी एक माग सुरू झाल्यासारखे झाले. दारालगतच्या लोकांना काहीतरी समजले, ते उठले. त्यांचे बघून बाकीचे उठले. अंगणात मी माणसे मोजली. मनुआक्का नव्हत्या.

आत धावलो. त्या शांतपणे कांडी भरत होत्या. मी समोर गेल्यावर मान वर करून म्हणाल्या, "काय रं, सगळी कुठं गेली?"

"आक्का, मी एवढा ओरडतोय, तुम्ही माझ्याकडे बघितलंसा की! हात बी केलासा!"

"बघितलं की. मला वाटलं, पोरगं घागर तोंडाला लावून पाणी प्याय लागलंय. म्हटलं पिऊ दे, तहान लागली असंल."

तुम्ही आत्ता जसे हसलात, तसे त्या दिवशी सगळे हसले. शिवराज अण्णा हसले नाहीत. त्यांनी मला ऑफिसात बोलावले. ते येथे बसले आहेत, त्यांची परवानगी घेऊनच सांगतो. ते म्हणाले, "युवराज, पुढची कवायत साहेबांसमोर हाय. आक्का स्वतःहून बाहेर आल्या न्हाईत, तर मला त्यांना घरी बसवावं लागतंय. लई वाईट वाटतंय मला. पण उद्या खरंच काय झालं तर मी त्यांच्या घरच्यांना काय तोंड दाखवू?"

त्यांचे चुकले नव्हते. मालकाला झोप लागली पाहिजे.

ही बातमी आक्कांना मीच सांगितली. मला वाटले त्या पगाराचे बोलतील. त्या पगाराचे एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "घरी बसून काय करू रं? घरात कोण माझ्याकडं तोंड करून बोलत न्हाय. पाठ करून बोलतात, आन् मी बघीपर्यंत बोलून संपतंय. कारखान्यात सगळीच बहिरी. घरात मी एकटीच."

आक्का, तुम्ही नको म्हणत होता तरी मी हे वाक्य ठेवले, कारण घरच्या मंडळींचाही यात काही दोष नाही. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

थांबा, आक्का हाताने सांगताहेत, सावकाश बोल. बरं आक्का.

रवळू अण्णांनी सुचवले, कवायतीच्या वेळी कुणीतरी आक्कांच्या दंडाला धरून आणावे, साहेबांना काय कळतंय? साहेब, माफ करा, असे ते म्हणाले होते. आक्का भडकल्या. "मला धरून न्यायला मी काय जत्रेतला बोकड हाय?" आणि त्यांचे बरोबर होते. खऱ्या आगीत धरणारा माणूस आधी पळाला तर?

मी डबा उघडून विचार करत बसलो होतो. समोरच्या रांगेतल्या एका बाईने विचारले, भाजी काय? मी म्हणालो, दोडका. दोघांनीही आवाज काढला नव्हता. घास हातातच राहिला. आक्का मला घागरीचे का बोलल्या, ते तेव्हा माझ्या लक्षात आले. इतकी वर्षे आम्ही एकमेकांची तोंडे बघून बोलतो, आणि सगळ्यांत गरजेच्या वेळी मी माझे तोंडच झाकून टाकले होते!

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजारात. मी म्हणालो, कमी आवाजाचा चालेल, पण माईक वेगळा हवा, वायरचा. भोंगा खांद्याला अडकवता आला पाहिजे. दुकानदार म्हणाला, "लोक मोठा मागतात, तुम्ही लहान मागाय लागलासा." रवळू अण्णा म्हणाले, "आमचं पोरगं देखणं हाय, तोंड दाखवायचं म्हणतंय."

मग शब्द ठरवले. "सर्व कामगारांनी शांतपणे बाहेर पडावे" असे मी सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ते फाडले. ओठांवर दुरून वाचता येईल असा एकच शब्द, बाहेर. आणि कन्नड घरच्या लोकांसाठी होरग, तेही बाहेरच. धूर असेल तर ओठ दिसणार नाहीत, म्हणून प्रत्येकाने उठताना शेजारच्याच्या पाठीवर थाप मारायची, हेही शिकवले.

साहेबांसमोरच्या कवायतीत आक्का बाहेर आल्या. कुणी हात धरला नाही. फक्त जेवणाचा डबा बरोबर घेऊन आल्या. साहेब म्हणाले, आगीत वस्तू घ्यायची नसते. आक्का म्हणाल्या, "आग इझल्यावर जेवाय नको व्हय?" तो शेरा कागदावर आला की नाही, मला माहीत नाही. मी विचारले नाही.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात खरेच पेटले. एका मागाची मोटार जळली आणि खाली साठलेल्या सुताच्या भुशाने आग धरली, नेमकी मेन स्विचच्या बाजूला. माग चालूच होते. मी दारात जाऊन ओरडलो, बाहेर, होरग. समोरच्या रांगा उठल्या. पण मागच्या दोन रांगा खांबांच्या आड होत्या. मी त्यांना दिसत नव्हतो, आणि मध्ये धूर भरत होता.

आक्कांनी मला पाहिले. त्या उठल्या आणि दाराकडे आल्याच नाहीत. मागच्या रांगांकडे वळल्या, मशीनच्या स्टुलावर चढल्या आणि दोन्ही हात वर करून, आवाज न काढता, तोंड एवढे मोठे उघडून सांगितले, बाहेर. त्या रांगा उठल्या. सगळ्यांच्या मागून आक्का आल्या. डबा आतच राहिला होता. रवळू अण्णांनी वाळू आणि भिंतीवरच्या अग्निशामक सिलिंडरने आग विझवली. एक माग आणि काही साड्या गेल्या. माणूस एकही नाही.

त्या संध्याकाळी शिवराज अण्णा अंगणात आक्कांच्या समोर उभे राहिले आणि आमच्या पद्धतीने, आवाज न काढता, ओठ हलवून म्हणाले, "तुम्हाला पाहिजे तेवढी वर्षं या." मालकांना आमची भाषा येते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. मग इतकी वर्षे त्यांच्यासमोर आम्ही त्यांच्याबद्दल काय काय बोललो असू, या विचाराने काही जणांना ताप आला.

तर मग आज निरोप कशाला? हा प्रश्न मीही आक्कांना विचारला. कुणी काही बोललं का? तब्येत? त्या म्हणाल्या, "तसं काय न्हाय रं. आमची आरोही हाय न्हवं, नात. तिला शिकवलंय नुसत्या तोंडानं बोलायला. आता तिच्या मैत्रिणी बी बोलतात, वर्गात बाईंच्या समोर. मार खातील एक दिवस. घरात बोलणारं माणूस झालंय, आता जाते."

आरोही पहिल्या रांगेत बसली आहे. भाषण चालू असताना ती आणि आक्का मधूनमधून काहीतरी बोलत होत्या. माझ्या भाषणावरच असणार. मी वाचायचे टाळले.

कारखान्याच्या वतीने आक्कांना साडी देत आहोत. त्यांच्याच कांड्यांवर विणलेली आहे, तेव्हा नावे ठेवू नयेत. अध्यक्षांचे, मालकांचे, साहेबांचे, रवळू अण्णांचे आणि शांतपणे बसलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. कुणाचे नाव राहिले असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, तर लहान समजून पदरात घ्यावे.

आणि एका गोष्टीबद्दल आधीच क्षमा मागतो. शेवटचे वाक्य मी माईक बंद करून, आवाज न काढता बोलणार आहे. कारखान्यातल्या मंडळींना ते कळेल. पाहुण्यांनी शेजारच्याला विचारावे.

आक्का, माझ्याकडे बघा.