एवढा सण होऊ दे

नाही, पण मी म्हणतो, मेलेल्या माणसानं तारखा द्यायच्या म्हणजे काय? असतं का असं कुठं? जिवंतपणी छळलंस ते छळलंस, आता तरी गप पड ना बाबा! पण तो अर्बन... थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो.

मरोळच्या कारखान्यात लेथवर आमचा सहदेव, बाजूच्या ड्रिलवर अर्बन, पलीकडे मी. सहदेव मालवणचा, अर्बन मरोळ गावठाणातलाच, ख्रिस्ती. दोघांच्या विड्या एका काडीवर पेटायच्या. आणि एक दिवस सहदेव खोकला, तो रुमाल लाल! डॉक्टर म्हणाले, ‘‘आणखी ओढलीत तर दिवाळी दिसायची नाही.’’ झालं! घरी सांगणार काय, कप्पाळ? जानकीला सातवा महिना. पोरगं बाबा म्हणायच्या आधी आपला फोटो भिंतीवर, हार घालून! हे डोक्यात, आणि हात मात्र खिशात विडीच शोधतोय. मशीनमागं जाऊन रडला हो, चांगला बाप्या माणूस!

तर हा अर्बन आला. ‘‘रडतो काय रे? उद्यापासून आमचा उपास, ईस्टरपर्यंत मी पण विडीला शिवत नाय. दर वर्षी सोडतो, सवय हाय मला. तू पण चल.’’

‘‘अरे, डॉक्टर कायमची सोड म्हणतो!’’

‘‘कायमची? असा उपास देव पण सांगत नाय! एवढा सण होऊ दे, मग ओढू.’’

पहिला आठवडा तर काय विचारता! सहदेव फोरमनवर ओरडला, भिंतीवर ओरडला, जानकीनं भात वाढला तर भातावर ओरडला. तल्लफ आली की दोघं कारखान्यामागं गटाराजवळ जायचे, नेहमीच्या जागी, नेहमीसारखे उकिडवे, आणि नुसते बसायचे. तोंडात बडीशेप! लांबून बघणाऱ्याला वाटावं, मयताला आलेत. सहदेवचे हात खिशाकडे गेले की अर्बन ते धरून बसायचा, आणि बडबड, बडबड, तल्लफ कंटाळून जाईपर्यंत बडबड!

ईस्टर आला. सहदेव काडेपेटी घेऊन हजर! तर हा म्हणतो, ‘‘मे महिन्यात आमच्या क्रूसाचा सण हाय. एवढा सण होऊ दे, मग ओढू.’’ तो झाला, तर वटपौर्णिमा! ‘‘मेल्या, ती बायकांची!’’ ‘‘हो ना, जानकी सात जन्म मागणार, तू एक तरी धड दे!’’ मग श्रावण, मग गणपती, मग मोत माउलीची जत्रा... दोन धर्मांचं कॅलेंडर काखेत मारून बसला की हो हा माणूस! आणि स्वतःही शिवला नाही बरं का. मधल्या मधे सहदेवला मुलगी झाली. दिवाळीला तिला कडेवर घेऊन कंदील दाखवला त्यानं. डॉक्टरांची ती दिवाळी, दिसली! अर्बनच्या गळ्यात पडून रडला परत.

पण खोकायला लागला कोण? अर्बन! दुसऱ्याला धरून बसवणारा हा शहाणा, स्वतःची छाती कधी दाखवली नाही कुणाला. डॉक्टरकडे गेला तेव्हा फार उशीर झालेला. सहदेव खाटेशी बसला, या खेपेला ह्यानं हात धरलेले. अर्बनला श्वास पुरत नव्हता, तरी म्हणतोय, ‘‘नाताळ... होऊ दे...’’ सहदेव म्हणाला, ‘‘होऊ दे रे, मग दोघं ओढू.’’ नाताळ दाराशी आला आणि अर्बन गेला.

माती देऊन सहदेव बाहेर आला, टपरीवर विडी घेतली, ओठांत धरली. कुणासाठी पाळायचं आता? काडी ओढणार, तर काळ्या कपड्यांत एथेल उभी, अर्बनची बायको. म्हणते, ‘‘तो सांगून गेलाय. महिन्याचा मिस्सा होऊ दे.’’

विडी कानावर. काय करणार?

महिन्याचा मिस्सा झाला, चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली. हा परत काडेपेटी घेऊन तयार. एथेल म्हणते, ‘‘वर्षाचा होऊ दे.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग तुमचे म्हाळ असतात ना, पितरांना पान वाढता ते? मला पण एक पान वाढ म्हणाला. एवढा सण होऊ दे...’’ पदरात तोंड लपवलं बिचारीनं.

सहदेव तडक कबरीपाशी गेला आणि ओरडला, ‘‘मेल्या, म्हाळ काय सण असता रे?’’ मोठ्यानं हसला, आणि मग तिथंच खाली बसला. खिशातली बडीशेप तोंडात टाकली.

आता म्हाळ काय, दर वर्षी येणार! पितरांच्या पानाशेजारी अर्बनचं पान, त्यावर तळलेला बोंबील. जानकी कुरकुरते, पण वाढते. ती विडी कधीच सादळली. परवा मी विचारलं, काय रे, ओढणार कधी? तर मलाच म्हणतो, ‘‘एवढे म्हाळ होऊ दे रे.’’

आणि म्हाळ संपले की दुसऱ्या दिवशी घट बसतात हो!