सायलेन्सर बेताचा हवा

...नाही, मला हेच कळत नाही, की लोकांना मधलं काही सुचतच कसं नाही? सायलेन्सर देतील तर असा, की गल्लीतली कुत्री घर सोडून जावीत, नाहीतर असा, की गाडी चालू आहे का हे वाकून बघावं लागावं. तुम्हाला सांगतो, आवाज बेताचा असावा, माझं एवढंच म्हणणं आहे.

आता झालं काय, लांबच्या सफरींसाठी म्हणून हौसेनं मोठी मोटरसायकल घेतली. हौस कसली, तर मी पुढे, बायको मागे आणि दोघांनी हिंडायचं. त्याच्यासाठीच घेतली हो. तर आमचा गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, एवढी दांडगी गाडी आणि शिवणाच्या मशीनसारखी टकटक? आणि पुढच्या ट्रकवाल्याला कळायला नको, मागून कोण येतंय?" पटलं मला. मला काय, कुणाचंही पटतं. बसवला दणदणीत. पहिल्याच सफरीत घाट चढून वर थांबलो, बायको उतरली, काहीतरी बोलली, ते मला ऐकूच आलं नाही, कान गच्च झालेले... मग तिनं परत सांगितलं, "अहो, हा आवाज राहणार असेल तर मी बसने घरी जाते. यापुढे तुमचे तुम्ही हिंडा."

घ्या. जिच्यासाठी गाडी घेतली, तीच बसने. म्हणून म्हणतो, आवाज बेताचा असावा.

गेलो परत. गॅरेजवाल्यानं तोंड वाकडं करत अगदी गरीब सायलेन्सर बसवला, म्हणाला, "न्या, आता वाचनालयात फिरवा." निघालो. काय सुख सांगू, वारा ऐकू येतोय, पाखरं ऐकू येतायत... आणि मागून टक. हेल्मेटवर हेल्मेट. परत टक. आरशात बघतो, तर बाईंची मान कललेली, डोळे मिटलेले. भर वेगात झोपली होती हो ती. गाडी बाजूला घेतली, उठवलं, तर म्हणते, "किती दिवसांनी इतकी छान झोप लागली होती."

आता हिला जागं ठेवायचं कसं? बोलत सुटलो. डोंगर दिसला, डोंगरावर बोललो. मग टायरची हवा, माझी कंबर, साहेबांची बदली, परत माझी कंबर... जरा गप्प झालो की मागून टक. की मी परत सुरू. मी काय जास्त मागतोय सांगा, आवाज बेताचा असावा... मुक्कामाला पोचेपर्यंत घसा पार बसला, पण बायको जागी.

उतरली. सावकाश हेल्मेट काढलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "अहो, तो आधीचा सायलेन्सर टाकून तर नाही ना दिलात?"