बर्फीच्या डब्यावर गोटमार

हॅलो? … जी, नमस्कार मामाजी! … अवो ताई, तू हायस काय! मले वाटलं तुह्या सासऱ्याचा फोन. मी तं इकडं उभा राहून नमस्कार केला… सौंसरातच हाओ, बस स्टँडवर, चहा पिऊन राहिलो. तुहा फोन कुठं गेला?

भाऊजीकडं? अजून? … म्हणजे सकाळपासून विनोद भाऊजी तुह्याच मोबाईलवर एआयकडून लोगो बनवून राहिले. वा. बायकोच्या धंद्याले एवढी मदत कोणता नवरा करते?

हो, हो… अगं ऐक ना. माहीत हाय, राजू छापखानेवाला आजच मागून राहिला. आज नाही देल्लं तं दुकानाच्या उद्घाटनाले कोरे डबे. … आलं ना, चित्र आलं व्हॉट्सॲपवर. पाहून राहिलो… मस्त हाय. नाही, खरंच. फक्त एक सांग, हा संत्रा बर्फीचा लोगो हाय का ठाण्यात द्यायचा पुरावा?

मंग काय म्हणू? जाम नदी हाय, मधात झेंडा हाय, दोन्ही काठावर ही गर्दी, अन् सारे एकमेकाइले बर्फी फेकून मारून राहिले. एकाचं डोकं फुटलं, त्यातून संत्र्याचा रस निघून राहिला… काय सांगतलं होतं भाऊजीनं त्याले? … "पांढुर्ण्याची ओळख दाखव." … मंग बरोबर हाय. दरसाल नदीच्या दोन काठावरून पांढुर्णा अन् सावरगाव झेंड्यासाठी एकमेकाइले गोटे मारते, ते गोटमारच दाखवीन ना तो. बिचाऱ्याची काय चूक.

मामाजीले आवडलं? … पूर्ण नाही? काहून, रक्त कमी वाटलं? … सावरगाव जिंकून राहिलं! अरे बापा. हो, हो, झेंड्याजवळ तेच लोकं दिसते… म्हणून दुसरं बनवाले लावलं, पांढुर्णा जिंकलेलं… अन् त्याच्यावर सासूबाई रुसल्या. साहजिक हाय, ताई, माहेर सावरगावचं त्याइचं. आयुष्यभर नदीपल्याडच्या घरात राहिल्या, आता म्हातारपणी बर्फीच्या डब्यावर हार मानतीन काय? … स्वयंपाक बंद? मंग जेवा बर्फी.

हसून नाही राहिलो. खोकला हाय.

बरं, अन् हे तिसरं, समझोत्याचं? थांब, मोठं करून पाहतो… मधात मामाजी. फेटा, मिशा, तलवार. तलवार काहून? … बर्फी कापाले. हो, सुरीनं कुठं कापल्या जाते. बाजूले सासूबाई, सिंहावर… त्याइनं मागून घेतला का सिंह? … नाही, चांगला हाय, शाकाहारी दिसते, तोंडात संत्रं हाय. भाऊजी हेलिकॉप्टरातून उतरून राहिले. अन् बुलडोझरवर… गजानन काका? त्याइचा काय संबंध बर्फीसोबत? … नाही टाकलं तं उद्घाटनाले येत नाही म्हणते. समजलं. आपल्याकडं लग्नपत्रिकेत नाव राहिलं तं माणूस जन्मभर बोलत नाही, हा तं लोगो हाय.

ताई, एक इचारू? … तू कुठं हायस?

अवो, आता नाही. चित्रात. … नाही दिसून राहिली मले… उजवीकडं? खाली? … ते? ते तं भांडे घासून राहिली, ताई. तोंडबी नाही तिले, पदरच हाय नुसता.

कोणी लिहिलं तसं? … "सून मागं दाखव." … हं.

  अख्खा हिवाळा गर तू आटवला, हाताले फोड तुह्या आले, मोहगावच्या बाजारात टोपलं घेऊन तू बसली. अन् डब्यावर…

रडू नको वो. … रडून नाही राहिली? मंग कायचा आवाज हाय? … चपला शोधून राहिली? कुठं चालली? … राजूकडं? काय छापाले?

कढई. … नुसती कढई, अन् खाली तुहं नाव, "अमिता". … बस? एखादा सिंह? … बरं, बरं, नाही. … एआयले कायले सांगू, मीच काढतो बोटानं, चहा थंडा व्हायच्या आत. सरळ राजूलेच पाठवतो. तू तिथं जाऊन उभी राह्य, छापून होईपर्यंत हलू नको. भाऊजी आले, तरी नाही. सिंह आला, तरी नाही.

पण मामाजीले काय सांगशील? … मी? मी काहून? … ताई, नाही, फोन त्याइच्या हातात देऊ नको… ताई? अवो…

जी! नमस्कार, मामाजी. … जी, लोगो झाला ना. फायनल. … नाही जी, तुम्ही नाही त्याच्यात. मामीबी नाही. … कोणीच नाही जिंकलं जी. कढई हाय. … काढून टाकले ना त्या एआयनं साऱ्याइले. मी लय हात जोडले, म्हटलं मामाजीची एक मिशी तरी ठेव. तो म्हणे, बर्फी कोण बनवते त्याचं नाव सांगा. आता मशीनसोबत कोण भांडन?

सून? … निघाली ना जी राजूकडं. … गाडी? कोणती, तुमची? … चाबी नाही खुंटीवर? … हो का… मामाजी, पायी पळू नका जी, ऊन हाय… मामाजी, बर्फी खरंच चांगली बनवते जी ते… हॅलो? … हॅलो?