चिमी वर्गात काय म्हणाली

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेचा फोन वाजला.

“आई, बालवाडीच्या बाईंचा मेसेज आलाय. आपली चिमी आज वर्गात बोलली!”

“काय सांगतेस! शाळा सुरू झाल्यापासून तिथं तोंड उघडलं नव्हतं पोरीनं. काय म्हणाली?”

“बाई गोष्ट सांगत होत्या आणि पोरांचा नुसता कल्ला चालला होता. तर ही उठून ओरडली, ‘गप्प बसा रे, बाईंना बोलू द्या!’”

“अगोबाई! अगदी माझ्यावर गेलीय. मग?”

“सगळी चिडीचूप. बाई लिहितात, ‘मलाही पुढं बोलवेना, डोळेच भरून आले.’”

आतून हाक आली, “आजी, तुमचा नंबर!”

“दुसऱ्या कुणाला घ्या हो आधी. तू वाच गं, पुन्हा पहिल्यापासून.”