सुमननं पेन्सिलीनं केलेल्या खुणा

‘तू लिही, मी वाचीन.’

बारावी झाल्यावर मी शिकायला परभणीला निघाले, तेव्हा पेडगावच्या फाट्यावर एसटीची वाट बघताना माझी मैत्रीण सुमन मला हे म्हणाली होती. तिचं लग्न ठरलं होतं, तिच्या आत्याच्याच घरी, गावातच. माझी पिशवी तिच्या हातात होती. गाडी आली, तिनं पिशवी आत ढकलली आणि एवढंच बोलली.

दाजी, गयाबाई, पूजा आणि इथं जमलेल्या सगळ्या बायांनो, गावकऱ्यांनो, आज बोलायचं म्हणून मी चार पानं लिहून आणली होती. ती पर्समध्येच आहेत. अंगणवाडीच्या दाराशी तिची खुर्ची तशीच ठेवलेली बघितली आणि पानं काढायचा धीर झाला नाही. मी लेखिका आहे. मला सभेत बोलायची सवय आहे. पण सुमन समोर बसलेली नसताना पेडगावात मी कधी बोललेली नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याआधी सरपंच बोलले, सुपरवायझर मॅडम बोलल्या. सुमननं या गावातल्या लेकरांची वजनं केली, डोसाच्या दिवशी घरोघर जाऊन आया गोळा केल्या, हे त्यांनी सांगितलं. सगळं खरं आहे. मी दुसरं सांगणार आहे. मी तिच्यावर जळत होते, ते सांगणार आहे. शोकसभेत असं बोलतात का? बोलत नसतील. पण मी गोडगोड बोलायला लागले तर ते खोटं होईल, आणि माझं खोटं सुमनला लगेच कळायचं.

बाहेरगावाहून आलेल्यांसाठी थोडं मागं जाते. मी सुमनला एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. आफ्रिकेतल्या एका नेत्याचं आत्मचरित्र, मराठीत आणलेलं. गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसाला काय सोसावं लागलं, तो त्याविरुद्ध कसा उभा राहिला, त्याला तुरुंगात टाकलं आणि वर्षानुवर्षं तिथंच कसं ठेवलं, हे त्यानं स्वतः लिहिलेलं. एका व्याख्यानासाठी मी ते वाचलं होतं. व्याख्यान झालं, टाळ्या झाल्या, पुस्तकाचं माझं काम संपलं. खरं सांगायचं तर माझ्या कपाटात जागा नव्हती, म्हणून मी ते सुमनला दिलं.

सुमननं त्या पुस्तकाची पोथी लावली.

हो, पोथीच. श्रावणात लावतात तशी. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, कुणी अर्थ विचारला तर थांबायचं. फक्त श्रावणाऐवजी उन्हाळा. टोळ्या ऊस तोडून घरी आल्या की पेरणीपर्यंत, दर सोमवारी दुपारी, लेकरं गेल्यावर त्यांच्याच सतरंज्यांवर बसून. हा चौथा उन्हाळा चालू होता.

पहिल्या उन्हाळ्यात मी एकदा बघायला आले. सुमन म्हणाली, “लते, तू शिकलेली हायेस. वर्णभेद म्हणजे काय ते तूच सांग ह्यांना.”

मी सांगितलं. कायदे सांगितले, वेगळ्या वस्त्या सांगितल्या, काळ्यांना जवळ बाळगावे लागणारे परवाने सांगितले. चांगली वीस मिनिटं. गयाबाईंनी जांभई दिली. दिली होती, गयाबाई, आता हसू नका.

मग सुमन म्हणाली, “आपण टोळीवर असताना तिथल्या गावात हापशावर घागर लावू देत न्हाईत का? तुमी तोडकरी, तुमी मागं व्हा म्हणतेत. तसं. पण आख्ख्या देशात, आन् कायदा करून.”

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. शेवंता म्हणाली, “आन् ते बी नुसत्या रंगावरून?”

“हाव. नुसत्या रंगावरून.”

“मंग माझी तर जन्मठेप पक्की व्हती,” गयाबाई म्हणाल्या. “मला बघायला आलेले पाव्हणे काळी म्हणून पोहे न खाता उठले. पोहे बी माझ्याच मायनं केल्ते, लय चांगले झाल्ते.”

केवढं हसलात तुम्ही सगळ्या! मीही हसले. पण आतून मला काहीतरी टोचलं. वीस मिनिटांत माझ्याकडून जे झालं नाही, ते तिनं एका हापशात केलं होतं. आणि वाचायला लागली तेव्हा तर तुम्ही तिच्या तोंडाकडे असं बघत होतात, की माझ्या कुठल्याही सभेत कुणी माझ्याकडे कधी तसं बघितलं नाही.

मी त्या माणसावरही जळले. काय बाई म्हणावं मला! त्याचं अर्धं आयुष्य कोठडीत गेलं आणि मी परभणीत पंख्याखाली बसून त्याचा हेवा करत होते. सोमवारी संध्याकाळी सुमनचा फोन यायचा. “लते, आज त्याला घरचं पत्र आलं गं. पण निम्म्या ओळी खोडलेल्या.” शेजारच्या घरची गोष्ट सांगावी तसं सांगायची. माझ्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाला तेव्हा मी तिला तो निरोप द्यायला फोन केला. ती म्हणाली, “लय चांगलं झालं गं बाई.” लगेच पुढं, “आन् ऐक की, ते आजारी पडलंय.” कोण आजारी, ते मला विचारावं लागलं नाही.

आता माझी चूक सांगते. ती इथल्या बायांना माहीत आहे, पण माझ्या तोंडून कुणी ऐकलेली नाही.

आपल्या गावात पोथी वाचायची एक रीत आहे. राजा वनवासात असेल, बाई संकटात असेल, तर तिथं पोथी मिटत नाहीत. माणसाला अडचणीत सोडून उठायचं नाही. दोन ओव्या पुढं जायचं, त्याला पाणी मिळू द्यायचं, सावली मिळू द्यायची, मग उठायचं. या पुस्तकात ही रीत पाळायची कशी? माणूस तर तुरुंगात, आणि पानं शेकड्यांनी. पहिल्यांदा त्याला शिक्षा झाली त्या दिवशी बाया उठेचनात. दिवे लागायची वेळ झाली, घरून पोरं बोलवायला आली, तरी गयाबाई म्हणत होत्या, “वाच अजून. सुटला की जाऊत.”

तेव्हापासून सुमन आदल्या दिवशी घरी बसून पुढची पानं वाचून ठेवायची. त्यात शोधायची, की याला बरं कुठं वाटलंय. कुठं चांगला पहारेकरी भेटला, कुठं सोबत्यानं विनोद केला, कुठं नुसतं ऊन अंगावर आलं. तिथं समासात पेन्सिलीनं लिहायची, ‘इथं उठा’. कधी अर्ध्या पानावर, कधी ऐन परिच्छेदाच्या मध्ये. छापलेल्या प्रकरणाशी तिला देणंघेणं नव्हतं.

मला हे माहीत नव्हतं. समासातल्या त्या बारीक अक्षरांकडे मी बघितलंही नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात सुमनला ताप आला आणि तिनं मला फोन केला. “आजच्या दिवस तू वाच, बाया येऊन बसतील.” मी आनंदानं आले. चांगली साडी नेसून आले, आता लपवत नाही. मला वाटलं, आज यांना कळेल वाचन कशाला म्हणतात. मी आवाज चढवला, उतरवला. त्या प्रकरणाच्या शेवटी त्याला तुरुंगात घरची वाईट बातमी कळते आणि त्याला घरी जाऊ देत नाहीत. प्रकरण तिथंच संपतं. फार ताकदीचा शेवट आहे. मी शेवटचं वाक्य हळू आवाजात वाचलं, पुस्तक मिटलं, दोन क्षण थांबले आणि घड्याळ बघितलं. शेवटची एसटी होती.

गयाबाई म्हणाल्या, “आत्ता कामून उठायलाव ताई?”

मी म्हटलं, “प्रकरण संपलं.”

“प्रकरण संपलं. पण त्येचं काय?”

मी म्हटलं, पुढच्या सोमवारी. आणि फाट्याकडे धावले.

दुसऱ्या दिवशी सुमन तापातच होती. अंगावर गोधडी घेऊन ती घरोघर गेली आणि प्रत्येकीला पुढची दोन पानं वाचून दाखवली. दाजींनी मला हे नंतर सांगितलं. तुम्ही रागावला होतात, दाजी. बरोबर होतं तुमचं. शेवंताच्या घरी म्हणे सकाळची चूल पेटली नव्हती. सुमन मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पुन्हा कधी मला वाचायला बोलावलं नाही.

मग मीच तिच्याशी भांडले. माझी तीन पुस्तकं तिच्या घरी आहेत. प्रत्येकावर मी ‘प्रिय सुमनला’ लिहिलेलं. कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, कोरी करकरीत. आणि त्याचं पुस्तक बघा! हळदीची बोटं लागलेली, पानं फुगलेली, पुठ्ठा सुतळीनं शिवलेला. मी म्हटलं, “सुमे, तू फाट्यावर काय म्हणाली होतीस? मी लिहिलं की नाही? मग माझं का लावत नाहीस?”

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझं मी वाचलंय. दोन-दोनदा वाचलंय.”

“मग?”

“तुझ्यात मला उठायला जागा सापडत न्हाई, लते. तू बायांना रडायला लावतीस आन् तिथंच सोडून जातीस. मी त्यास्नी घरी कशी पाठवू? त्यास्नी जाऊन सैपाक करायचा ऱ्हातो.”

मी तशीच उठून निघून आले. चार महिने फोन केला नाही. माझ्या पुस्तकांवर मोठमोठ्या माणसांनी लिहिलंय, त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. हे आठवतं. रोज लिहायला बसले की आठवतं. शेवटी तिचाच फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. “लते, त्याला अभ्यासाला पुस्तकं द्यायला लागले गं.” आणि मी रडले. त्याच्यासाठी रडले की आमच्यासाठी, मला सांगता येणार नाही.

बायांनो, सुमन शुक्रवारी गेली. छातीत कळ आली आणि परभणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. आदल्या सोमवारी तिनं तुम्हाला वाचून दाखवलं होतं. पुस्तकातला माणूस अजून सुटलेला नाही. काल संध्याकाळी मी दाजींना भेटायला गेले. तुम्ही सगळ्या तिथंच होतात. तुमचं ठरलेलं मी ऐकलं. पुस्तक गयाबाईंकडे राहील आणि येत्या सोमवारपासून त्यांची सून वाचेल. पूजा दहावी झाली आहे, तिचा आवाज स्वच्छ आहे, आणि सुमनच तिच्याकडून अधूनमधून एखादं पान वाचून घ्यायची. हे मला कालच कळलं. मला कधीच सांगितलं नव्हतं तिनं. पूजा, खाली बघू नकोस. तुझा काही दोष नाही. मला तुझाही हेवा वाटला, एवढंच.

काल मी ते पुस्तक हातात घेऊन चाळलं. त्या शेवटच्या सोमवारची खूण बघितली. तिच्या पुढं सहा पानांवर अजून एक खूण आहे. सुमन या वेळी चार दिवस आधीच वाचून बसली होती. पेन्सिल जरा जास्त दाबलेली आहे. त्यानंतर समास कोरे आहेत, शेवटपर्यंत.

ती खूण कुठं आहे, त्याला तिथं काय बरं वाटलं, ते मी सांगणार नाही. सोमवारी तुम्हाला कळेलच. पण ती सहा पानं व्याख्यानासाठी मी पूर्वी वाचली होती, त्यातल्या ओळींखाली रेघा ओढल्या होत्या, आणि तिला सापडलेली जागा मला दिसली नव्हती. काल मी दाजींच्या ओट्यावर बसून ती सहा पानं तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना मी रेघा बघितल्या नाहीत.

आता आपण सुमनसाठी दोन मिनिटं शांत उभं राहणार आहोत. त्याआधी मला एक मागायचं आहे. सरपंचांकडे नाही, दाजींकडेही नाही. गयाबाई, तुमच्याकडे आणि सतरंजीवर बसणाऱ्या तुम्हा सगळ्यांकडे.

ती सहा पानं मला वाचू द्या. त्या खुणेपर्यंत. पुढचं सगळं पुस्तक पूजाचं. कोऱ्या समासात पूजानंच जागा शोधाव्यात, मी मध्ये बोलणार नाही. अर्थ सांगणार नाही. आवाज चढवणार नाही. घड्याळ घरी ठेवून येईन. एसटी गेली तर जाऊ द्या, दाजींच्या ओट्यावर झोपेन.

तुम्ही नाही म्हणाल. माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नाही, आणि हे मी सुमनसाठी मागतेय असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. मी माझ्यासाठी मागतेय. तिनं शेवटचं जे शोधलं, ते माझ्या तोंडून तुमच्यापर्यंत यावं, एवढा माझा लोभ आहे. गयाबाई, तुमची मान आत्ताच हलायला लागलीय, मला इथून दिसतंय. तरी मागते. एक सोमवार मला द्या.