कुडातून येणारा वारा

...आणि वर मलाच विचारतात, "मान का रं वाकडी?" अहो, वाकडी नाही होणार तर काय होणार! उशाशी कुडाला भोक, त्या भोकातून वारा थेट मानेवर... तुम्हाला सांगतो, हे वाक्य माझ्या तोंडून निघतंय यावर माझाच विश्वास बसत नाही. मी! मोखाड्याच्या डोंगरात, कुडाच्या घरात वाढलेला! आमच्या घराला खिडकी नाही, कारण अख्खी भिंतच खिडकी. कारवीच्या काठ्या, वर शेणामातीचा लेप, लेप सुटला की घरात बसून बाहेरची कोंबडी मोजावी. वाऱ्यानं कधी माणूस मरतो का?

सर्बियात मरतो. म्हणजे तिथं सगळ्यांची तशी ठाम समजूत आहे. मी नीश नावाच्या शहरात घरबांधणी शिकायला होतो, शिष्यवृत्तीवर, आणि पुस्तकात नसलेला पहिला धडा शिकलो तो प्रोमायाचा. प्रोमाया म्हणजे काय? समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहिल्या आणि मधून वारा गेला, की झाली प्रोमाया! मग मान धरते, दात दुखतात, मूत्रपिंडं गारठतात, काय वाटेल ते होतं. जुलै महिना, बस खच्चून भरलेली, घामाच्या धारा, आणि खिडक्या? बंद! मी एक उघडली मात्र, सगळ्या म्हाताऱ्या एका सुरात, "प्रोमायाऽऽ!" जसा काही मी बसमध्ये वाघ सोडला! आणि आम्ही काय हो, खोडाळ्याच्या जीपला मागं लोंबकळत लहानाचे मोठे झालो!

घरी तर घरमालकीण, रादमिलाआजी. मी खिडकी उघडायची, तिनं मागून येऊन लावायची. मी पायरीवर बसलो की उशी घेऊन धावत, "दगडावर बसू नकोस, मूत्रपिंडं!" ओल्या केसांनी बाहेर पडलो की टॉवेल घेऊन पार कोपऱ्यापर्यंत माझ्या मागं, आणि सगळी गल्ली बघतेय! मी चिडायचो. वाटायचं, मी परका, रानातला, मला काही कळत नाही असं समजते ही बाई. निघायच्या वेळी तिनं स्वतः विणलेलं लोकरीचं जाकीट हातात दिलं. बिनबाह्यांचं, पण मागून लांब... मूत्रपिंडं झाकायला! आणि मी? ऐटीत म्हणालो, "आजी, आमची घरं श्वास घेतात. वाऱ्यानं कधी माणूस मरतो का?" आणि जाकीट तिथंच कपाटात ठेवून आलो. घडीसुद्धा मोडली नाही हो! तिनं खिडकी तेवढी लावून घेतली.

आलो. आल्या आल्या पाड्यावर भाषण ठोकलं. पत्र्याचं घर भाजतं, सिमेंटचं तापतं, आपला कूड म्हणजे शास्त्र आहे शास्त्र! मी स्वतः कुडातच राहून दाखवणार, आणि तशीच घरं बांधणार! आमचे नवशाकाका ठाण्याला बांधकामावर असतात, त्यांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. "बरोबर बोलतंय पोरगं! एकदम फुकट का एसी है!" आणि मग हळूच, "मी मात्र इथल्या घराला स्लॅब टाकला रं."

पहिली थंडी आली आणि माझी मान गेली. काय करणार... आय शेतावर गेलेली बघून कुडाची सगळी भोकं रद्दीनं बुजवली. छान ऊब आली! संध्याकाळी आयनं चूल पेटवली. धुराला वाट कुठं? आय खोकत बाहेर, माझी बहीण योगिता खोकत बाहेर, कोंबड्या खोकत बाहेर!

"घर कोनी कोंडला रं? नागलीला बुरशी लागंल ना!"

"आय, वारा येतो गं... मानेवर."

आयनं माझ्याकडं बघितलं. पाहुण्याकडं बघतात ना, तसं. "वाऱ्यानं कधी मानूस मरतो का?" म्हणाली, आणि मग योगिताला, "दे त्याला गोधडी. परदेशी हाय तो."

तुम्हीच सांगा! तिथं खिडकी उघडतो म्हणून परका, इथं भोक बुजवतो म्हणून परका!

शेवटी टेकडावर चढलो, तिथंच रेंज येते, आणि रादमिलाआजीला व्हिडिओ फोन लावला. म्हटलं, तुझं बरोबर होतं म्हणून सांगू, आणि जमलं तर ते जाकीट... पण मला बोलू देईल तर! "टोपी कुठंय? मागं सगळं उघडं! प्रोमायाऽऽ!" अगं आजी, डोंगरावर कसली समोरासमोरची खिडकी! पण डोळे पुसत होती हो. मी पण. वाऱ्यानं असेल.

तेवढ्यात तिच्या मागं माझी खोली दिसली. खोलीत एक नवा मुलगा, केनियाहून शिकायला आलेला. अंगात माझं जाकीट. तो उठला, आजीनं न सांगता उठला, आणि गुपचूप खिडकी लावून आला. आजी त्याच्याकडं वळून हसली. मला म्हणाली, "गुणी आहे. ऐकतो."

आता काय राहिलं बोलायला? उतरलो खाली, भाषण-बिषण गिळलं आणि नवशाकाकांच्या दारात गेलो. "काका, तुमच्या स्लॅबच्या घरात एक कोपरा..."

"है ना! ये की. फक्त समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतील हां, तुझ्या काकूला गुदमरतं."

ठेवा म्हटलं, काका. ठेवा. वाऱ्यानं कधी माणूस मरतो का?