वेणूवहिनीचं पवन्याचं रान

मंडळी, वेणूवहिनीच्या महिन्याच्या श्राद्धाला तुम्ही एवढे सगळे जमलात. मूर्तिजापूरकडचे लोक छोट्या गाडीनं आले, अकोल्याहून वहिनीचे भाऊ आले. सगळे म्हणाले, धाकटा दीर म्हणून तुम्हीच चार शब्द बोला. मी उभा तर राहिलो. पण बोलू काय? जिच्याबद्दल बोलायचं, ती मला शेवटपर्यंत कळली नाही.

माझा मोठा भाऊ गेला आणि वाटणीची वेळ आली. वेणूवहिनीनं काळ्या मातीचं वावर मला दिलं आणि स्वतःसाठी टेकडीकडची बरड मागितली. मुरमाड, उतरती जमीन. तिथं आपोआप उगवणारं पवन्या गवत, दुसरं काही नाही. मी म्हटलं, "वयनी, तिथं पऱ्हाटी होनार नाही." ती म्हणाली, "मले कुठं पऱ्हाटी लावाची हाये?"

सगळं गाव पऱ्हाटीमागं, कापसामागं. कापसाच्या गाड्या सरकी काढायला जिनाकडे चाललेल्या, आणि ही बाई गवत राखत बसलेली. पावसाळ्यात त्या रानात ढोर शिरू द्यायची नाही. कुसळ गवत दिसलं की उपटायची. त्याची टोकं ढोरांच्या तोंडात रुततात. पवन्या फुलोऱ्यावर आला की लगेच कापणी. मी म्हणायचो, अजून वाढू द्या. "वाढन, पन गोडी जाईन. मंग ढोर तोंड फिरवते." गवताची पाटलीण म्हणून तुम्ही हसायचात, मंडळी. मीही हसायचो.

मग ते साल आलं. पावसानं दडी मारली. ज्वारी करपली, कडबा कोणाकडेच नाही. लोक ढोरं बाजारात न्यायचे आणि तशीच परत आणायचे. घेणार कोण? वहिनीच्या खळ्यात मात्र वाळलेल्या पवन्याच्या गंज्या उभ्या होत्या. तिनं गावाला सांगितलं, "गाभन गाई आना, लेकुरवाळ्या गाई आना. बाकीच्याइले पुरनार नाही." आणि रोज सकाळी स्वतःच्या हातानं पेंढ्या वाटायला लागली.

तिच्या गोठ्यात हरण्या होता. माझ्या भावानं वाढवलेला, म्हातारा बैल. त्याला तिनं काडी घातली नाही.

मी भांडलो. "काहून वयनी? घरचा बैल उपाशी, अन् गावाले गवत?"

"थो म्हतारा झाला, भाऊजी."

एवढंच. मी घरचं उरलंसुरलं कुटार, तुरीचा भुसा, नेऊन त्याच्यापुढं टाकलं. तिनं ते उचललं आणि शेजाऱ्याच्या गाभण गाईला घातलं. हरण्या बसला तो उठला नाही. मग हीच बाई त्याच्या गळ्याला मिठी मारून रडली. जेवली नाही. मी दारात उभा. हिच्यावर रागवावं की हिच्या पाया पडावं? मंडळी, मला आजही ठरवता येत नाही.

गाई जगल्या. तुमच्या गोठ्यांत आज त्यांच्याच कालवडी आहेत. पुढच्या पावसात पवन्या आपला आपण पुन्हा उगवला.

आणि आता दुखण्यात पडल्यावर तिनं मला बोलावून घेतलं. म्हणाली, "भाऊजी, बरडीवर नांगर लावा."

मला वाटलं, तापात बोलतेय. कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता.

"काहून वयनी?"

"हरण्याले मी नाही म्हनलं. गवत राह्यलं तर पुन्हा कोनाले तरी नाही म्हना लागन."

मी म्हटलं, "पन गाई जगल्या ना!" तिनं भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवसांत गेली.

तेरवी झाली आणि मी नांगर घेऊन बरडीवर गेलो. तिचा शब्द होता ना! तर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गावातल्या बाया बसलेल्या. मी म्हटलं, "वयनीनं सांगतलं हाये." गंगूबाई, जिची गाय त्या साली जगली, ती उठली आणि नांगरापुढं येऊन बसली. म्हणाली, "सांगतलं असन. तुमी चालवा. आमी नाही उठत." एकेक करून सगळ्या येऊन बसल्या.

मी नांगराचे बैल सोडले.

मी वहिनीचा शब्द मोडला, की राखला? तिला खरंच ते रान नको होतं, की तिच्यानंतर नाही म्हणायची पाळी आपल्यावर येऊ नये, एवढंच हवं होतं? मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा. आत्ता नको, घरी येऊन सांगा.

आत्ता फक्त उभे राहा. वहिनीसाठी थोडा वेळ कोणीच काही बोलू नका.